दिसणे, पाहणे आणि रेखाटणे : पक्षिदर्शनाच्या आठवणींचे व्याकरण

इ. स. 1612 मध्ये मुकर्रबखान याने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी काही अपूर्व पशुपक्षी आणले. त्यांत टर्की कोंबडाही होता. बादशहाने आपल्या आत्मवृत्तात त्याचे वर्णन केले. परंतु तेवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. त्याने चिताऱ्यांकडून त्या प्राण्यांची चित्रे काढवून घेतली आणि तसे करण्याचे कारणही नमूद करून ठेवले. आपला पणजा बाबर याने पशुपक्ष्यांची वर्णने लिहिली, पण त्यांची चित्रे करविली नाहीत. ऐकून जे आश्चर्य वाटते ते पाहून वाढावे म्हणून ही चित्रे, असा त्या लिखाणाचा आशय आहे.

शब्दाचे काम वेगळे आणि रेषेचे काम वेगळे, हे ओळखणारा हा आपल्याकडील एक जुना आणि स्पष्ट उल्लेख होय. तथापि बादशहाचा पक्षी दरबारात होता. वर्णन चुकले तर पुन्हा जाऊन तो पाहण्याची सोय होती. रानातला पक्षी एकदा उडाला, की मागे उरतो तो केवळ पाहणारा. आणि त्याच्या शब्दाला दुजोरा देण्यास कोणी नसते. अशा ठिकाणी आश्चर्याचा प्रश्न मागे पडतो व साक्षीचा प्रश्न पुढे येतो. ‘मी अमुक पक्षी पाहिला’ या विधानात पक्ष्याचे किती आणि पाहणाऱ्याचे किती? मराठीत पक्षिदर्शनाच्या आठवणींचे लेखन आता विपुल झाले आहे, त्याला प्रेमळ वाचकही लाभले आहेत. परंतु त्याची समीक्षा बहुधा ‘निसर्गाची ओढ’, ‘चित्रमय शैली’ अशा शब्दांपाशी थांबते. ‘चित्रमय’ हे विशेषण तर इतक्या सढळपणे वापरले जाते, की चित्र म्हणजे काय याचाच विसर पडावा. प्रत्यक्ष पक्षी समोर असताना वहीत काढलेले रेखाटन आणि त्याच प्रसंगाची पुढे लिहिलेली आठवण ही दोन्ही शेजारी ठेवून पाहिली, तर मराठी गद्याविषयी काही निराळ्या गोष्टी ध्यानात येतात. त्यांतील मुख्य गोष्ट व्याकरणाची आहे.

या तुलनेसाठी स्थळ निवडावयाचे तर मुंबईच्या उपनगरांतील भांडुप सोयीचे पडते. रेल्वेचा रूळ या उपनगराला मधोमध दुभागतो. पश्चिमेस वस्ती डोंगर चढत जाते आणि पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान व विहार-तुळशीचे तलाव लागतात. पूर्वेस द्रुतगती महामार्ग ओलांडला, की मिठागरे, तिवरांचे रान, महानगरपालिकेचे उदंचन केंद्र आणि त्यापलीकडे ठाण्याची खाडी. मुंबईचे पक्षिनिरीक्षक ‘भांडुप’ म्हणतात तेव्हा त्यांना हे उदंचन केंद्र आणि त्याच्या आसपासची पाणथळच अभिप्रेत असते. शहराच्या मलजलाची व्यवस्था पाहणाऱ्या केंद्राच्या नावाने एखादे सौंदर्यस्थळ ओळखले जावे, हा योग विनोदी खरा. पण पक्ष्यांना त्यात काही वावगे वाटलेले नाही. 2015 साली खाडीचा हा भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 साली ठाणे खाडीची नोंद रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत झाली.

भांडुपच्या या दोन बाजू पक्ष्यांच्या दृष्टीने दोन निरनिराळी राज्ये आहेत, आणि मराठीने त्यांना नावे देतानाही निरनिराळी रीत अवलंबिली आहे. डोंगराकडच्या झाडीत पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. तांबट हे नाव त्याच्या ठोक्यासारख्या एकसुरी आवाजावरून आले; पावशाच्या ओरडण्यात शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ हे शब्द ऐकू आले. खाडीकडे उघडे पाणी आणि उघडा चिखल असल्याने तेथे डोळ्याचा अधिकार चालतो. चमचा हा पक्षी चोचीवरून ओळखला जातो. काळसर चोचीचे टोक पिवळे आणि चोचीच्या मुळाशी दोन तांबडे ठिपके, एवढ्यावरून एका बदकाला ‘हळदी-कुंकू’ म्हणणाऱ्या अनामिकाने वस्तुतः त्याच्या चोचीचे रेखाटनच करून ठेवले आहे. पाण्याच्या कडेला शेपूट सारखी खालीवर आपटणारा तो परीट. येथे नावात आकार नसून हालचाल आहे. टिटवी अर्थात या विभागणीला जुमानत नाही. ती उघड्या माळावर आणि पाण्याकाठी राहूनही आवाजाचेच नाव मिरविते. रात्री ओरडणाऱ्या पक्ष्याला लोकांनी दुसरे नाव द्यावे तरी कसे?

अशी नावे ही लोकभाषेने केलेली पहिली रेखाटने होत. त्यांत सर्व काही नसते. एक लक्षण घेतलेले असते आणि बाकीचे सोडून दिलेले असते. परंतु हिवाळ्यात भांडुपच्या चिखलावर उतरणाऱ्या लहान पाणपक्ष्यांपाशी ही लोकभाषा अडखळते. तुतवार हे एकच नाव अनेक जातींना पुरवावे लागते, चिखल्याचेही तसेच. मग ‘हिरवा तुतवार’, ‘ठिपकेदार तुतवार’ अशी इंग्रजी नावांवरून बेतलेली विशेषणे जोडली जातात. हिरव्या तुतवारात हिरवे फारसे काही आढळत नाही. उत्तरेकडून आलेले हे पक्षी येथे असतात तेव्हा त्यांचा वीणीच्या काळातील वेष उतरलेला असतो. सगळेच राखी, सगळेच मातकट. त्यांना वेगळे करावयाचे तर चोच डोक्याच्या किती पट लांब आहे, पायांचा रंग कोणता, चालताना मागचा भाग हलतो की नाही, उडताना कंबर पांढरी चमकते की नाही आणि पंखांची खालची बाजू गडद की फिकी, हे पाहावे लागते. यांपैकी शेवटच्या दोन खुणा पक्षी उडाला म्हणजेच दिसतात, म्हणजे निरीक्षण संपण्याच्या क्षणी. या सर्व लक्षणांच्या मेळाला इंग्रजी पक्षिनिरीक्षकांनी ‘जिझ’ असा एक शब्द योजला आहे. मराठीत त्यासाठी नवा शब्द घडविण्याची मुळीच गरज नाही. ‘ढब’ हा शब्द तयार आहे.

आता व्याकरणाकडे वळता येईल. पक्षिदर्शनाचे सर्वांत साधे वाक्य मराठीत दोन प्रकारे होते. ‘मला टिटवी दिसली’ आणि ‘मी टिटवी पाहिली’. पहिल्यात कर्तृत्व टिटवीकडे आहे. ती दिसली, पाहणारा केवळ ‘मला’ म्हणून बाजूस उभा आहे. दुसऱ्यात पाहणे ही बुद्ध्या केलेली क्रिया आहे. परंतु लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की ‘पाहिली’ हे रूपही टिटवीच्याच लिंगवचनाला धरून आले आहे. पाहणारा पुरुष असो वा स्त्री, एक असो वा दहा, क्रियापद टिटवीचे ऐकते. मी बगळे पाहिले, आम्ही बगळा पाहिला. मराठीतील कर्मणि प्रयोगाची ही व्यवस्था मोरो केशव दामले यांच्यासारख्या व्याकरणकारांनी 1911 सालीच विस्ताराने चर्चिली आहे, आणि शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याने ती पाठ केली आहे. आठवणींच्या वाङ्मयात मात्र तिचा जो परिणाम होतो, तिकडे कोणाचे लक्ष गेल्याचे दिसत नाही.

आठवण जुनी होऊ लागली, की लेखक नकळत ‘मी बगळे पाहिले’ यावरून ‘मी बगळे पाहत असे’ यावर येतो. एक प्रसंग रीत बनतो. या रीतिभूतकाळात प्रयोग कर्तरि होतो आणि क्रियापद पक्ष्याला सोडून पाहणाऱ्याला धरते. मी पाहत असे, आम्ही पाहत असू. काल बदलला आणि त्याबरोबर वाक्याचा धनीही बदलला. पक्ष्याची गोष्ट सांगता सांगता लेखक स्वतःची गोष्ट सांगू लागतो, असा जो अनुभव अशी पुस्तके वाचताना वारंवार येतो, त्याचे एक कारण लेखकाच्या स्वभावात असेल, पण दुसरे भाषेच्या घडणीत आहे. ‘दिसणे’ हे क्रियापद येथे अधिक प्रामाणिक ठरते. ‘बगळे दिसत’ या रीतिभूतातही ते पक्ष्यांचीच संगत करते. मात्र तेथेही लिंगभेद लोपतो, दिवस लोपतो, भरती होती की ओहोटी तेही लोपते.

रीतिभूतकाळ त्याज्य आहे, असे याचे तात्पर्य नव्हे. सवय, ऋतू, पक्ष्यांचा दिनक्रम हे सारे त्याच काळात सांगावे लागते, आणि मराठी गद्याची कितीतरी माधुरी त्यात साठलेली आहे. प्रश्न असा आहे, की लेखकाजवळ त्या रीतीच्या मुळाशी किती सुटे प्रसंग आहेत? वीस वेळा पाहिलेले ‘पाहत असे’ आणि एकदा पाहिलेले ‘पाहत असे’ ही दोन्ही कागदावर सारखीच दिसतात.

या दृष्टीने डॉ. सालिम अली यांचे उदाहरण बोलके आहे. त्यांचे आत्मचरित्र ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ 1985 साली, म्हणजे त्यांच्या निधनापूर्वी दोन वर्षे, प्रसिद्ध झाले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीची त्यातील हकीकत सर्वश्रुत आहे. ती चिमणी कोणती हे विचारण्यासाठी मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तेथे मिलर्ड यांनी त्याच्यापुढे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे दालन खुले केले. मराठीत ही गोष्ट वारंवार सांगितली जाते, आणि प्रत्येक सांगणारा तिला थोडा हात फिरवून जातो. त्याच पुस्तकात दुसऱ्या एका चिमणीची, साध्या घरचिमणीची, 1906-07 च्या सुमारास दहा वर्षांच्या वयात केलेली टिपणवजा नोंद आहे. तिचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. भिंतीतील भोकात घरटे, आत अंडी उबविणारी मादी, भोकाजवळच्या खिळ्यावर बसलेला नर. तबेल्यातील गाडीच्या आडोशाने मुलाने नर मारला. थोड्याच वेळात मादीजवळ दुसरा नर येऊन त्याच जागी बसला. सात दिवसांत असे आठ नर मारले गेले.

लिहिताना हेतू शिकारीच्या फुशारकीचा होता, शास्त्राचा नव्हता, हे सालिम अलींनी स्वतःच पुढे कबूल केले आहे. तरीही ती नोंद टिकली, आणि पक्ष्यांच्या वर्तनाविषयी तिच्यातून काही शिकता येते. कारण तिच्यात खिळा आहे, गाडी आहे, सात आणि आठ हे आकडे आहेत. मुलाने जे पाहिले नाही ते त्यात नाही. नवा नर कोठून आला, मादीने त्याला बोलाविले की तो आपण होऊन आला, याचा कसलाही तर्क त्याने केलेला नाही. हे वस्तुतः शब्दांतील रेखाटन होय. पुढे 1930 च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणीच्या वीणीचा अभ्यास करताना त्यांनी हीच पद्धत जाणीवपूर्वक वापरली. एकेक घरटे, एकेक दिवस. नर सुगरण अर्धवट घरटे बांधून ठेवतो, मादीने पसंत केल्यावर ते पुरे करतो आणि मग दुसऱ्या घरट्याच्या उद्योगास लागतो, हा निष्कर्ष ‘पाहत असे’ या कोटीतील आहे खरा, पण त्याखाली सुट्या ‘पाहिले’ची रास आहे.

मराठीतील या प्रकारच्या वाङ्मयाचा विचार मारुती चितमपल्ली यांच्यावाचून होऊच शकत नाही. 1932 साली सोलापुरात जन्मलेल्या आणि 2025 साली तेथेच निवर्तलेल्या या वनाधिकाऱ्याने नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट येथील रानात आयुष्य घालविले आणि ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘चकवाचांदण’ अशा पुस्तकांतून मराठी वाचकाला रान दिले. हंसदेवाच्या ‘मृगपक्षिशास्त्र’ या संस्कृत ग्रंथाचे भाषांतर आणि ‘पक्षिकोश’ ही त्यांची कामे तर भाषेच्या अभ्यासकाने कायम हाताशी ठेवावीत अशी आहेत. रानात राहणाऱ्या माणसांच्या तोंडून पक्ष्यांची नावे गोळा करून त्यांनी जो शब्दसंग्रह मराठीत आणला, त्याचे मोल करणे कठीण आहे. त्यांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांच्या गद्यात स्वतः पाहिलेले, पारध्याने सांगितलेले आणि जुन्या ग्रंथात वाचलेले ही तिन्ही पुष्कळदा एकाच सुरात येतात. मराठीला ‘म्हणे’ हा एक अत्यंत नेमका शब्द लाभला आहे. सांगणाऱ्याने ऐकीव गोष्टीची जबाबदारी स्वतःवर घेतलेली नाही, हे त्या दोन अक्षरांनी कळते. चितमपल्लींच्या लेखनात जेथे ‘म्हणे’ हवा तेथे तो नेहमी सापडत नाही. त्यामुळे वाचकाला आनंद होतो, पण त्याच्या हाती साक्ष येत नाही. आणि पुढचे लेखक त्यांचाच आधार देऊन ऐकीव गोष्ट ‘पाहिलेली’ म्हणून सांगू लागतात, हा दोष तर गुरूपेक्षा शिष्यांचा अधिक.

व्यंकटेश माडगूळकरांचे प्रकरण वेगळे आहे. चित्रकलेची ओढ असलेला आणि स्वतः रेखाटने करणारा हा लेखक ‘नागझिरा’ लिहितो, तेव्हा त्याच्या वाक्याची लांबीच बदललेली दिसते. वाक्य आखूड होते आणि विशेषण एखादेच उरते. पेन्सिल हाती असणाऱ्याला हे ठाऊक असते, की प्राणी समोर आहे तोवर दोन-तीन रेषांपुरताच अवसर आहे. त्या रेषा कोणत्या, हे ठरविण्यातच सारे कसब. माडगूळकरांच्या गद्यातील काटकसरीला ग्रामीण बोलीचा संस्कार म्हणण्याची प्रथा आहे. ती चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. त्यांच्या प्राणिवर्णनांत चित्रकाराची निवड दिसते. अमुक घ्यावयाचे आणि तमुक सोडावयाचे. पक्ष्याच्या हालचालीचे एखादे वाक्य ते असे लिहितात, की त्यापुढे उपमेला जागाच राहत नाही. त्यांच्याही पुस्तकांत रीतिभूतकाळ येतो, पण तो मुक्कामाच्या दिनक्रमापुरता. प्राणी समोर आला, की काल तत्काळ साधा होतो.

रेखाटन हे मात्र सदैव सत्यच सांगते, असे मानण्याचे कारण नाही. रेखाटनाच्याही दोन जाती आहेत. इंग्लंडमधील चित्रकार चार्ल्स टनिक्लिफ (1901-1979) याच्या कामात त्या दोन्ही स्वच्छ दिसतात. मेलेले पक्षी मिळवून तो त्यांची मोजमाप घेतलेली, प्रत्यक्ष आकाराची, पिसापिसाची चित्रे करी. आणि वेल्समधील आपल्या घराजवळच्या खाडीकाठी जिवंत पक्ष्यांची झटपट रेखाटनेही करी. पहिल्या प्रकारात पक्ष्याचा कोश तयार होतो आणि दुसऱ्यात पक्ष्याचे वाक्य. कोशातील शब्दाला काल नसतो, वाक्याला तो असावाच लागतो. क्षेत्रपुस्तिकांतील रंगीत चित्रे पहिल्या जातीची. ग्रिमेट व इन्स्किप यांच्या 1998 च्या भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरील ग्रंथाच्या चित्रकारांत गोव्याच्या कार्ल डिसिल्व्हा यांचे नाव आहे. अशा चित्रातील पक्षी कोणत्याही एका सकाळी पाहिलेला नसतो. अनेक नमुन्यांवरून सिद्ध केलेली ती जातीची प्रतिमा असते. पुस्तिकेचे काम तेच आहे, आणि ते उत्तम झाले आहे. घोटाळा होतो तो निरीक्षक घरी येऊन पुस्तिका उघडतो आणि आपल्या अर्धवट रेखाटनात पुस्तिकेतील पाय, पट्टे व ठिपके भरू लागतो तेव्हा. वहीतील रेखाटन सुंदर होते, आणि त्याच क्षणी ते साक्ष देण्याचे थांबते.

भांडुपच्या खाडीकाठी हा मोह विशेष. तेथे पक्षी दूर असतो, ओहोटीच्या वेळी तर फारच दूर; सकाळचे ऊन पूर्वेकडून, म्हणजे खाडीवरून, डोळ्यांत येते आणि पक्षी काळ्या आकृतीसारखा दिसतो. भरती चढू लागली, की चिखल बुडतो आणि पक्षी मिठागरांकडे सरकतात. तो काय तो जवळून पाहण्याचा काळ. शेकाट्या पाण्यात उभा असेल तर त्याचे लांब गुलाबी पाय अर्धे पाण्यात गेलेले असतात. ज्याला शेकाट्या ठाऊक आहे तो ते पुरे काढील. जो समोर पाहतो आहे तो जेथे पाणी लागले तेथे रेघ थांबवील. वहीत असे थांबलेले पाय, शेजारी वेळ, भरतीची स्थिती, ‘चोच सरळ, बारीक’ एवढेच शब्द, आणि उडताना पाय शेपटीच्या मागे किती आले त्याची एक तिरकी रेघ. अशा पानाला सौंदर्य नसेल, पण ते खोटे बोलत नाही.

रोहित पक्ष्यांच्या बाबतीत उलट अडचण येते. ते इतके असतात, की कोणी एक रोहित पाहतच नाही. आठवणीत उरतो तो गुलाबी पट्टा, आणि लेखात येते ती गुलाबी चादर. ही चादर आता मराठी वृत्तपत्रांनी इतकी धुतली आहे, की तिचा रंग गेला. मान खाली घालून, चोच उलटी करून पाणी गाळणारा एक पक्षी काढावयास बसले, म्हणजे लहान रोहिताची गडद चोच आणि मोठ्या रोहिताची केवळ टोकाशी काळी असलेली गुलाबी चोच यांतील भेद हाताला कळतो. तो एकदा कळला, की थव्यातही दोन जाती वेगळ्या दिसू लागतात.

येथे असा आक्षेप येऊ शकतो, की छायाचित्राच्या काळात हा सारा खटाटोप निरर्थक होय. लांब भिंगाचा कॅमेरा घेऊन उभे असलेले पाच-दहा जण भांडुपला कोणत्याही हिवाळी रविवारी आढळतील, आणि त्यांच्या चित्रांत पिसन् पीस स्पष्ट असते. जात ठरविण्याच्या कामी छायाचित्र श्रेष्ठ, याविषयी वाद नाही. परंतु छायाचित्रात पाहणाऱ्याने जे पाहिलेच नाही तेही येते. पंखाखालचा रंग कॅमेऱ्याने टिपला, निरीक्षकाला तो घरी कळला. तरी आठवणीत तो ‘मी पाहिला’ असाच येणार. रेखाटनात हाताने काढलेली प्रत्येक रेघ डोळ्याने मान्य केलेली असते. पाहण्याचा इतिहास हवा असेल तर तो वहीतच सापडेल.

शंका नोंदविण्याची मराठीची शक्तीही वहीतच टिकते. ‘तो हिरवा तुतवार असावा’ या वाक्यातील ‘असावा’ म्हणजे निव्वळ संकोच नव्हे. कंबर पांढरी दिसली, पंखाखालची बाजू दिसली नाही, तेव्हा निर्णय येथपर्यंत. असा त्याचा नेमका अर्थ आहे. छापील आठवणीत ‘असावा’ टिकत नाही. संपादकाला तो दुबळा वाटतो, लेखकालाही काही वर्षांनी तो नकोसा होतो, आणि तुतवार ‘हिरवा होता’ असे ठरून जाते.

हे प्रकरण केवळ शैलीचे राहिलेले नाही. ई. एच. एटकेन यांनी 1900 साली ‘द कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे’ लिहिले, तेव्हा शहरवासीयाला अंगणातील पक्षी ओळखता यावा एवढाच माफक हेतू त्यामागे होता. साताऱ्यास जन्मलेला हा मिस्कील लेखक सरकारच्या जकात व मीठ खात्यात होता. मिठागरांचा आणि पक्षिवाङ्मयाचा संबंध असा जुना आहे. आज त्या मिठागरांच्या जमिनींचाच प्रश्न उभा आहे. कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील सुमारे 256 एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्विकासातील घरांसाठी देण्याचा निर्णय 2024 साली झाला. घरांची निकडही खरी आणि पाणथळीचे महत्त्वही खरे. त्या वादाचा निवाडा भाषाभ्यासाच्या कक्षेत येत नाही. पण त्या वादात जी वाक्ये उच्चारली जातात ती येतात. ‘पूर्वी येथे हजारो पक्षी येत असत’ हे वाक्य प्रत्येक सभेत ऐकू येते. ते बोलणारा मनापासून बोलतो. बहुधा खरेही बोलत असतो. तथापि रीतिभूतकाळ हा विलापाचा काळ आहे, पुराव्याचा नव्हे. कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात, कोणत्या तळ्यावर, किती, असे विचारले की ‘येत असत’ निरुत्तर होते. या ठिकाणी एखाद्या शाळामास्तराची किंवा कारकुनाची वीस वर्षांपूर्वीची मळकट वही, जिच्यात तारीख आणि अर्धवट रेघा आहेत, ती शंभर ललितलेखांहून अधिक वजनदार ठरते.

ही उणीव आता निराळ्या मार्गाने भरून निघते आहे. 2002 साली सुरू झालेल्या ‘ई-बर्ड’ या नोंदवहीत जगभरचे निरीक्षक तारीख, वेळ, कालावधी व संख्या यांसह यादी देतात. भांडुपच्या नोंदीही तेथे आहेत. अशा नोंदींच्याच आधारे 2023 साली भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, त्यात 942 जातींचा विचार झाला आणि त्यामागे 3 कोटींवर निरीक्षणे होती. त्या साऱ्या निरीक्षणांचे व्याकरण एकच. साधा भूतकाळ, कर्मणि प्रयोग. पक्षी पाहिला, पक्षी मोजले. आठवणींच्या वाङ्मयाने जे गमावले ते येथे पुरेपूर राखलेले आहे. परंतु आठवणींच्या वाङ्मयाने जे राखले होते, ते येथे नाही. यादीत ‘शेकाट्या, 40’ असे असते. त्यांतील एकाने पिलू नसतानाही टिटवीला हुसकून लावले, की दुसरा एका पायावर उभा राहून तासभर हललाच नाही, हे यादीला विचारता येत नाही. ढब आकड्यात मावत नाही.

म्हणून या दोहोंच्या मध्ये जी जागा मोकळी आहे ती वहीची आहे. विद्यापीठांतील मराठीच्या अभ्यासाने पत्रे, बखरी, रोजनिशा, तीर्थयात्रांची टिपणे यांना वाङ्मयीन साधन म्हणून मान दिला. पक्षिनिरीक्षकांच्या वह्या अजून त्या पंक्तीत बसलेल्या नाहीत. त्यांत शब्द थोडे, चिन्हे अधिक, भाषा अर्धी मराठी व अर्धी इंग्रजी, आणि चित्रे बेढब; त्यामुळे त्या कोणाच्याच विषयात मोडत नाहीत. निरीक्षक वारला, की घरचे लोक दुर्बीण ठेवून घेतात आणि वह्या रद्दीत जातात. एखाद्या वहीत एकाच जातीचा पक्षी दहा वर्षे काढलेला असतो. पहिल्या वर्षी त्याला पुस्तिकेतील सर्व ठिपके आहेत, पाचव्या वर्षी ठिपके गेले आहेत, दहाव्या वर्षी पाठीची एक वाकडी रेघ, चोच आणि पुढे प्रश्नचिन्ह एवढेच आहे. शेजारी लिहिलेले असते: ‘तुतवार. भरती. उडाला तेव्हा ऊन समोर. कंबर दिसली नाही.’